जुनी गाडी, नवे मालक: गोव्यात क्लासिक कार चोरीपासून कशी जपावी

आजोबांची पद्मिनी गाडी वारशाने तुमच्याकडे आली असेल, म्हापशात कुणाकडून ॲम्बॅसेडर घेतली असेल किंवा साष्टीतल्या एखाद्या बंद घराच्या पोर्चमधून मॉरिस मायनर बाहेर काढली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. गोव्यात अशा गाड्या अजून बऱ्यापैकी टिकून आहेत. १९६१ पूर्वी इथे परदेशी गाड्या उर्वरित भारतापेक्षा सहज येत, आणि त्यांतल्या काही आजही त्याच घरांच्या आवारात उभ्या आहेत. नवे मालक पहिल्या वर्षी रंग, क्रोम, सीटकव्हर यांवर मनापासून खर्च करतात. सुरक्षेचा विचार मात्र मागे पडतो, आणि तो आधी व्हायला हवा असं माझं ठाम मत आहे.

कारण साधं आहे. आजच्या गाडीच्या चावीत चिप असते आणि ती ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. जुन्या गाडीत असा कुणी राखणदार नाही. बॉनेट उघडून एक वायर जोडली की मेकॅनिकच्या भाषेत गाडी ‘डायरेक्ट’ होते. शिवाय ती आख्खी विकायची गरजही नसते. हबकॅप, ग्रील, बॅज, हेडलाइटच्या रिंगा, कार्बोरेटर सुटे केले की कोणता भाग कुठल्या गाडीचा हे सांगणं अवघड. म्हणून आपली कामं दोन: गाडी हलवायला चोराला भरपूर वेळ लागला पाहिजे, आणि हलवलीच तर ती व तिचे भाग आपलेच आहेत हे दाखवता आलं पाहिजे. दुसऱ्या कामाला फारसे पैसे लागत नाहीत, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

पहिली पायरी: गाडीची ओळख कागदावर आणा

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर शोधा. नंबर कधी रिव्हेट मारलेल्या पत्र्याच्या प्लेटवर असतो, कधी थेट धातूवर ठोकलेला असतो. प्लेट काढून दुसरीकडे लावता येते, म्हणून ठोकलेला नंबर महत्त्वाचा. त्यावरचं ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसा, पातळ कागद चिकटपट्टीने बसवा आणि मऊ शिसाची पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासा. वाहतूक खात्यात मागतात तीच ही पेन्सिल प्रिंट. अक्षरांची ठेवण, एखादा तिरका पडलेला आकडा, ठोकताना उमटलेली जास्तीची खूण, सगळं कागदावर उतरतं. दोन-तीन प्रती काढा. फोटोत नंबर कळतो, पण पुढे कुणी नंबर घासून नवा ठोकला तर तुलनेला ही प्रिंटच उपयोगी पडते.

हे नंबर आरसीशी ताडून पाहा. जुन्या गाडीत कधीतरी इंजिन बदललेलं असतं आणि आरसीवर जुनाच नंबर राहिलेला असतो. तो फरक आत्ताच वाहतूक खात्यात दुरुस्त करून घ्या. चोरीनंतर तक्रारीतला नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळला नाही, तर सापडलेली गाडी आपलीच हे पटवताना नाकी नऊ येतात.

आरसी अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर तेही मार्गी लावा. मालकाच्या मृत्यूनंतर नावबदलीचा अर्ज फॉर्म ३१ वर, तीन महिन्यांच्या आत करायचा असतो. मुदत उलटून वर्षं झाली असली तरी काम टाळू नका. गोव्याचा वारसा कायदा वेगळा आहे, वारस बरेच असले तर नोटरीकडचा वारसा दस्तऐवज किंवा इन्व्हेंटरीची (न्यायालयातल्या वारसा-वाटणीची) प्रक्रिया आड येते, तेव्हा आधी वकिलाला विचारा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं, हेही तपासा. गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. नंबरमध्ये ‘व्हीए’ अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे, पण मग ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. मिरवायला आणि रॅलीला गाडी काढणाऱ्यांसाठी हे ठीक. रविवारी कुटुंबाला घेऊन मंगेशीला जाणाऱ्याने साधी नोंदणीच चालू ठेवावी.

मग फोटो. चारी बाजूंनी काढालच, पण त्यापेक्षा मोलाचे फोटो खोडींचे. डॅशबोर्डवरची चीर, मागच्या बंपरचा पोचा, दाराच्या आतल्या बाजूला डोकावणारा जुना रंग, जोड दिलेलं सीट. सुट्या होणाऱ्या भागांवर आतल्या बाजूने, दिसणार नाही अशा जागी, एन्ग्रेव्हरने किंवा पंचने स्वतःची खूण ठोका: हबकॅपच्या पोटात, ग्रीलच्या मागे, कार्बोरेटरच्या तळाशी, काचांच्या कोपऱ्यात. भंगारअड्ड्यावर आपली हबकॅप दिसली तर ‘ही माझी’ म्हणण्याला त्या खुणेचा आधार लागतो. हे सगळं फोनमध्ये, शिवाय घराबाहेरच्या एखाद्या विश्वासू माणसाकडे ठेवा. मूळ आरसी ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवू नका. गाडीबरोबर कागदही गेले तर चोराचं काम आपणच सोपं केलं.

दुसरी पायरी: आत कुठून शिरता येतं ते पाहा

पद्मिनी आणि ॲम्बॅसेडर या दोन्हींत पुढच्या दाराला छोटी तिरकी फिरणारी काच असते. पूर्वी एसी नसताना वारा घ्यायला ती फार छान. पण तिची खिटी दोन बोटांएवढी, आतून एका पिनवर फिरणारी. वर्षानुवर्षं वापरून ती ढिली होते, रबर वाळून आक्रसतं, आणि काच व चौकटीत पट्टी सरकेल एवढी फट पडते. बाहेरून स्टीलची पट्टी घालून खिटी वर ढकलली की काच फिरते, हात आत जातो आणि दाराचं हँडल सापडतं. काच फुटत नाही, आवाज होत नाही. तुमच्या गाडीवर आज संध्याकाळीच करून पाहा. खिटी सहज हलली तर नवं रबर बसवा, पिन बदला. पुष्कळ खिट्यांना मधोमध दाबायचं बटण असतं, ते दाबल्याशिवाय खिटी फिरता कामा नये. ते झिजलं असेल तर आतून छोटा स्क्रू घालून काच कायमची बंद केलेली बरी.

कुलपांचंही तेच. जुन्या बॅरलमधल्या (चावी जिथे शिरते त्या नळीतल्या) पत्र्या झिजल्या की कुठलीही तशीच चावी, प्रसंगी साधा स्क्रूड्रायव्हरही चालतो. तुमचं इग्निशन चावी न घालता फिरतं का, चालू गाडीत चावी बाहेर येते का, पाहा. येत असेल तर चावीवाल्याकडून बॅरल खोलून पत्र्या बदलून घ्या. काही ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत चावीचा क्रमांक इग्निशनच्या तोंडावरच ठोकलेला असतो. तो वाचून कुणीही तशी चावी मागवू शकतो. क्रमांक वहीत टिपून कुलपावरून मिटवा. गोव्याच्या खाऱ्या हवेत कुलपं धरतात, मग माणूस कंटाळून दार न लावताच जायला लागतो. खोबरेल तेल घालू नका, त्यात धूळ बसून चिखल होतो. ग्रॅफाइटची पूड घाला.

तिसरी पायरी: ठिणगी तोडा

या पायरीवर जरा थांबू या, कारण कमी खर्चात सगळ्यात जास्त संरक्षण इथेच मिळतं.

पेट्रोलच्या जुन्या इंजिनात इग्निशन कॉइलला दोन बारीक टोकं असतात. एकात इग्निशन स्विचमधून करंट येतो. दुसऱ्या टोकातून बारीक वायर डिस्ट्रिब्युटरमधल्या (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या डबीतल्या) पॉइंटकडे, म्हणजे उघडमिट करणाऱ्या संपर्काकडे जाते. पॉइंट मिटतात तेव्हा कॉइल भरते, उघडतात त्या क्षणी प्लगला ठिणगी मिळते. नवे मालक बहुतेक वेळा करंट येणाऱ्या वायरमध्ये छुपा स्विच बसवतात. नसल्यापेक्षा बरा, पण तो फारसा कामाचा नाही. गाडी डायरेक्ट करणारा बॅटरीपासून कॉइलपर्यंत स्वतःची वायर ओढतो आणि तुमचा स्विच बाजूला पडतो.

त्यापेक्षा दुसऱ्या टोकाला, म्हणजे पॉइंटकडे जाणाऱ्या वायरला, आणखी एक वायर जोडा आणि ती छुप्या स्विचमधून बॉडीला अर्थ करा, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडा. स्विच बंद असताना गाडी नेहमीसारखी चालते. स्विच लावला की पॉइंट उघडले तरी करंट अर्थला जातच राहतो, ठिणगी पडत नाही. चोराने कॉइलला कितीही वायरी जोडल्या तरी स्टार्टर फिरत राहील, इंजिन उचलणार नाही. हँडल मारून किंवा ढकलूनही उपयोग नाही. चोराला वाटतं गाडी नादुरुस्त आहे.

काळजी तीन गोष्टींची. आधी इग्निशन बंद, मग स्विच. इग्निशन चालू ठेवून स्विच लावला तर कॉइल तापत राहते. जोडण्या क्रिंप केलेल्या आणि नीट झाकलेल्या हव्यात. वायर सैल होऊन बॉडीला लागली तर झुआरी पुलाच्या मधोमध इंजिन बंद पडेल. आणि पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं असेल तर जोडणीपूर्वी बसवणाऱ्याला विचारा. स्विच डॅशबोर्डखाली लावू नका, पहिला हात तिथेच जातो. सीटच्या खालची पट्टी, मागच्या पार्सल ट्रेची कड, किंवा गाडीचाच एखादा न वापरलेला मूळ स्विच. गाडीचं मूळपण जपणाऱ्यांना हा शेवटचा पर्याय आवडेल, कारण नवीन भोक पाडावं लागत नाही. जागा घरच्या एका माणसाला सांगून ठेवा, अख्ख्या गॅरेजला नको.

गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून रोटर (आतला फिरणारा छोटा तुकडा) काढून घ्या आणि कॅप परत बसवा. १९४० मध्ये शत्रूचं सैन्य उतरेल या धास्तीने ब्रिटनमध्ये उभी गाडी निकामी करून ठेवण्याचा सरकारी हुकूम होता, तेव्हा लोक हाच रोटर खिशात घालून घरी जात. जाणता चोर स्वतःचा रोटर आणू शकतो हे खरं, पण तुमच्याच मॉडेलचा आणायला आधी तेवढी तयारी करावी लागते.

बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला कट-ऑफ स्विचही बसवा. फिरवून काढता येणारी मूठ असलेला घ्या. चोरीइतकाच तो आगीपासून वाचवतो, कारण जुन्या वायरिंगचं कापडी आवरण कुठे उघडं पडलंय ते दिसत नाही. पेट्रोलच्या नळीत कॉक बसवायचा सल्ला काहीजण देतात, मी देणार नाही. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी पुढच्या वळणापर्यंत जातेच, आणि जुन्या नळीत एक जोड वाढला म्हणजे गळतीची एक जागा वाढली. डिझेल ॲम्बॅसेडरला ठिणगी नसतेच. तिथे कट-ऑफ आणि पुढे सांगितलेली कुलपं यांवरच भिस्त ठेवावी लागते.

चौथी पायरी: लोखंडी कुलपं

दुकानात मिळणारं गिअर लॉक जमिनीतून येणाऱ्या दांड्यासाठी असतं. बहुतेक पद्मिनी आणि ॲम्बॅसेडरमध्ये गिअर स्टिअरिंगच्या कॉलमवर असतो, तिथे ते बसत नाही. स्टिअरिंगपासून क्लच किंवा ब्रेकच्या पेडलपर्यंत जाणारी दांडी घ्या. जुन्या स्टिअरिंगची रिंग बारीक असते आणि कापता येते, म्हणून पेडलही अडकवणारं कुलूप चांगलं. रिंगला ओरखडे पडू नयेत म्हणून त्या जागी सुती फडकं गुंडाळा. दांडी भडक पिवळी किंवा लाल असावी, बाहेरून दिसली पाहिजे.

घरी चाकाला क्लॅम्प लावता येतो. जमिनीत अँकर बसवून साखळी घालायची असेल तर चिऱ्याच्या फरशीवर विसंबू नका. चिरा मऊ आणि सच्छिद्र, बोल्ट ओढून निघतो. खड्डा करून काँक्रीटचा ठोकळा ओता आणि त्यात अँकर बसवा. साखळी मागच्या एक्सलमधून घ्या, बंपरमधून नको.

पाचवी पायरी: ट्रॅकर

घ्या, पण आधी गाडीचं अर्थिंग विचारा. मॉरिस मायनर, ऑस्टिनसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. आजचा ट्रॅकर निगेटिव्ह अर्थ धरून बनवलेला. नवशिक्या इलेक्ट्रिशियनने सवयीने जोडला की जळतो. १९६० च्या दशकातल्या बऱ्याच फोक्सवॅगन बीटलमध्ये बॅटरीच ६ व्होल्टची असते. अशा गाड्यांना स्वतःची बॅटरी असलेला, चार्ज करून ठेवायचा ट्रॅकर सोयीचा. वायरिंगचा ट्रॅकर उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू पिऊन टाकतो आणि कट-ऑफ फिरवला की गप्प होतो, हेही लक्षात ठेवा. फोनवाल्या छोट्या टॅगना फार महत्त्व देऊ नका. जवळच्या फोनना ‘अनोळखी टॅग तुमच्याबरोबर आहे’ असा इशारा जातो आणि चोरही सावध होतो.

सहावी पायरी: गाडी उभी कुठे करता

गोवा लहान आहे, आणि ते इथे आपल्याविरुद्ध जातं. म्हापशातून पत्रादेवी तासाभरात गाठता येते. दक्षिणेला पोळे, पूर्वेला मोले आणि अनमोडचा घाट, सत्तरीतून केरी-चोर्ला, डिचोलीच्या बाजूने दोडामार्ग. रात्री दोनला गेलेली गाडी तुम्ही सकाळी सातला दार उघडेपर्यंत दुसऱ्या राज्यात असते. म्हणून रात्रीची पार्किंगची जागा सर्वांत महत्त्वाची.

आवारात लावत असाल तर गाडीचं तोंड भिंतीकडे, चाकं पूर्ण वळवून, गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून. मागे रोजची गाडी आडवी लावा. गेटच्या बिजागऱ्या उचलून निघतात का पाहा, निघत असतील तर वर वेल्डिंगचा थेंब टाकून घ्या. बाणावली, हळदोणे अशा गावांत मालक परदेशी आणि घर बंद, अशी घरं पुष्कळ. तिथे गाडी ठेवायचीच असेल तर पुढची दोन चाकं काढून घरात ठेवा आणि गाडी स्टँडवर चढवा. टायरही टिकतात.

पावसाळ्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडी हलत नाही. ताडपत्रीने गच्च झाकली तर आत दमट होऊन पत्रा कुजतो. हवा खेळणारं, फिकट रंगाचं साधं कव्हर घ्या, पोटाखालून केबल घालून कुलूप लावा. आठवड्यातून एकदा कव्हर काढून गाडीभोवती एक फेरी मारा. हबकॅप गेल्याचं तीन महिन्यांनी कळलं तर तपास कुठून सुरू करणार?

कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावर, कार्निव्हल-शिगमोच्या गर्दीत किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गाडी लावताना दुकानासमोर, माणसांच्या नजरेत लावा. पणजीच्या मळा भागातल्या एखाद्या सुंदर पण निर्मनुष्य गल्लीत फोटो छान येतो, तिथे फोटोपुरतीच थांबवा.

सातवी पायरी: माणसं

जुनी गाडी ढकलताना कुणी दिसलं की आपल्याकडे माणसं धावून येतात, हात लावतात. हा आपला चांगुलपणा चोराच्याही कामी येतो. क्रेनवर चढवलेली पद्मिनी पाहून कुणालाच संशय येत नाही, बंद पडली असेल असंच वाटतं. म्हणून शेजाऱ्यांना स्पष्ट सांगा: माझ्याशिवाय ही गाडी कुणी ढकलताना किंवा उचलून नेताना दिसलं, तर आधी मला फोन करा. समोरच्या खाण्याच्या गाड्यावर रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्यालाही सांगा. कॅमेऱ्यापेक्षा हे जास्त चालतं.

बऱ्याच जुन्या गाड्यांना दाराची आणि इग्निशनची चावी एकच असते. गॅरेजमध्ये दिलेली चावी म्हणजे घरची चावी. एकाच मिस्त्रीकडे जा, आणि काम लांबणार असेल तर गाडी रात्री शेडमध्ये आत असते की रस्त्यावर, हे विचारून घ्या. लग्नाला किंवा शूटिंगला देताना ओळखपत्राची प्रत आणि लेखी करार हवा, आणि चालवायला आपलाच माणूस. विकायला काढलीत तर जाहिरातीतल्या फोटोत घराचं गेट आणि नंबर प्लेट दिसू देऊ नका. चाचणीला चावी देऊन बाहेर उभे राहू नका, शेजारी बसा.

आठवी पायरी: विमा

फक्त थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई नसते, आणि जुन्या गाड्यांचा बहुधा तेवढाच उतरवलेला असतो. पाच वर्षांवरील गाडीची विम्यातली किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. इथेच पेन्सिल प्रिंट, फोटो, सुट्या भागांची आणि कामाची बिलं उपयोगी पडतात. मूल्यमापकाचा लेखी अहवाल जोडा आणि किंमत पॉलिसीवर छापून घ्या. फक्त भाग चोरीला गेले तर काय मिळेल, तेही लेखी विचारा. दाव्याच्या वेळी दोन्ही चाव्या मागतात. एक हरवली असेल तर आत्ताच कळवा.

गाडी गेलीच तर

आधी ११२ वर फोन करा, मग जवळच्या पोलीस स्थानकात जा. ‘ही आमची हद्द नाही’ असं म्हटलं तर झिरो एफआयआरची, म्हणजे हद्द न पाहता तक्रार नोंदवून घेण्याची मागणी करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती सोय आहे. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, घेतल्याशिवाय उठू नका. तक्रारीत ‘पांढरी पद्मिनी’ एवढंच लिहू नका, नंबरांबरोबर तुमच्या गाडीच्या चार खोडी लिहा. क्रेनवरून नेली असण्याची शक्यता असेल तर तेही सांगा, नाहीतर नाक्यावर धावती गाडीच शोधली जाते. नंतर वाहतूक खात्याला आणि विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. जुन्या गाड्यांच्या गटांत फोटो पाठवा, भाग विकायला आले तर तिथेच आधी दिसतात. ट्रॅकर जागा दाखवत असेल तर ती पोलिसांना द्या, एकटे जाऊ नका.

गाडी सापडली तर ती मुद्देमाल म्हणून पोलीस स्थानकाच्या आवारात उभी राहते, आणि इथल्या पावसात एका मोसमात तिचा खुळखुळा होतो. म्हणून ताबडतोब वकिलामार्फत न्यायालयात सुपुर्दनाम्यावर (मागितल्यास गाडी हजर करण्याच्या लेखी हमीवर) ताबा मागण्याचा अर्ज करा. ताबा मिळाल्यावर गाडी चालवत आणू नका, क्रेनवर घालून थेट मिस्त्रीकडे न्या. ब्रेकच्या नळ्या, स्टिअरिंगचे जोड, डायरेक्ट केलेल्या वायरी आणि चाकांचे नट त्याने तपासल्यावरच इंजिन सुरू करा, आणि सगळी कुलपं त्याच दिवशी बदला.